गावाचा इतिहास लिहायचाय: कागद कुठे असतात, कसे वाचायचे, आणि भांडण कुठे पेटतं

काळीपांढरी (धागाकर्ता)

यात्रेच्या पत्रिकेत किंवा ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेत ‘गावाचा इतिहास’ म्हणून जे छापलं जातं, ते बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातलं असतं. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, महाराजांची फौज इथे मुक्कामाला होती, अमक्या घराण्याच्या मूळपुरुषाच्या स्वप्नात देव आला. मग एकदम आजी-माजी सरपंचांची यादी. मधली तीनशे वर्षं गायब.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पुणे, सातारा, नगर, सोलापूर भागातलं दोन-तीन हजार वस्तीचं गाव धरलं, तर कोणते कागद आणि कोणत्या क्रमाने पाहावेत? आणि पालखी, पहिला विडा, पोळ्याचं तोरण या मानपानावरून आज जे वाद होतात, त्यांचं मूळ कागदात सापडतं का? मराठवाडा, विदर्भ, कोकणातल्या जाणकारांनीही लिहावं, तिकडची पद्धत वेगळी आहे.

जुना_आकारबंद

आजपासून मागे जायचं. उलट दिशेने, म्हणजे शिवकाळापासून पुढे यायला गेलात, तर पहिल्याच पायरीवर अडकाल.

सुरुवात सातबाऱ्यापासून. ‘इतर अधिकार’ आणि ‘शेताचे स्थानिक नाव’ हे दोन रकाने लोक वाचतच नाहीत, खरी गंमत तिथेच आहे. हाडकी, हाडोळा ही नावं दिसली की ती महार वतनाची जमीन. गुरवकी, जोशीपण, पाटीलकीची पट्टी ही नावं तर स्वतःच बोलतात. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल तर का, हे विचारायचं. बऱ्याचदा उत्तर जुन्या वतनात किंवा इनामात निघतं.

नंतर फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. सातबाऱ्यावर वर्तुळात जे फेरफार क्रमांक असतात ते एकेक करून काढायचे. हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफाराची साखळी फार तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाते. १९५७ नंतरच्या काही वर्षांत ‘३२ ग’ चे (कुळाने जमीन विकत घेण्याच्या कलमाचे) फेरफार थव्याने दिसतील. कूळकायदा १९४८ चा, पण कूळ मालक मानलं गेलं ते १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून. कोणत्या भावकीच्या हातून जमीन गेली आणि कोणाकडे आली, हे या एका गठ्ठ्यात कळतं. त्यानंतरच्या ग्रामपंचायत निवडणुकांचे निकाल शेजारी ठेवून पाहा.

लोक अडकतात ते गट नंबरावर. तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. ज्या गावात ही योजना झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना ५३ नंबर म्हणजे आजचा ५३ गट नव्हे. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गट एकत्रीकरणाचं पत्रक काढून जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता आधी करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. त्याच कार्यालयात आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंद), टिपण (शेताच्या मापांचा कच्चा आराखडा), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशोब), फाळणी बारा (हिश्श्यांची मोजणी) आणि नशिबाने कडईपत्रकही मिळतं. टिपणातली मापं साखळी-आण्यात असतात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १ गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर.

ही मोजणी आपल्याकडे सुरू झाली इंदापूर तालुक्यात, १८३६ च्या सुमारास. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी. आकारणी तीस वर्षांसाठी ठरायची. मूळ मोजणीचा कागद मिळाला तर तो तुमच्या गावाचा पहिला नीट नकाशा समजा.

आणि एक. तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अभिलेख कक्षात एलिनेशन रजिस्टर मागायला विसरू नका. गावातली सगळी इनामं वर्गवार लिहिलेली असतात. वर्ग ३ देवस्थान, वर्ग ६ ब म्हणजे सरकारची कामं करणारी कनिष्ठ वतनं. धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या रजिस्टरात आहे.

शिरोरेघ

वरचा प्रतिसाद इंग्रजी अमलापासून पुढचा झाला. त्याच्या मागचं सगळं मोडीत.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, कागद रुमालात बांधलेले. तिथे जाऊन आजच्या तालुक्याचं नाव सांगितलंत तर काही हाती लागणार नाही. जुना परगणा किंवा तर्फ सांगावी लागते. आजच्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातली गावं गुंजण मावळ, कानद खोरे अशा नावांखाली सापडतात. तुमचं गाव कसबे होतं, मौजे होतं की मजरे, हेही पाहून जा. मजरे म्हणजे मूळ गावाची वाडी. तिचा हिशोब मूळ गावात मिसळलेला असतो. बुद्रुक-खुर्द असेल तर दोन्ही गावांचे कागद पाहा. शब्द फारसीतले, थोरलं आणि धाकटं. वाटणी कधी झाली हा गावाच्या इतिहासातला पहिला राजकीय प्रश्न म्हणायला हरकत नाही.

मागायचे कागद: थळझाडा (कोणती जमीन कोणाच्या नावे), ताळेबंद, महजर, करीना, कैफियत. यांतला फरक लक्षात ठेवा. करीना आणि कैफियत म्हणजे वादीने स्वतः सांगितलेली हकिगत, त्यामुळे ती एकतर्फी असणारच. महजर म्हणजे गोताने, म्हणजे पाटील, बलुतेदार, शेजारच्या गावचे पाटील यांनी बसून दिलेला निवाडा. स्मरणिकेत लोक करीना छापतात आणि खाली ‘निकाल’ लिहितात.

महजराच्या तळाशी निशाण्या बघा. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. त्या दिवशी गावात कोणाला गोत म्हणून बसवलं होतं, त्याची ती हजेरीच.

आता तारखा, सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जुन्या मराठी कागदात बहुधा शुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. आधी एकक, मग दशक, मग शतक, मग हजार.

इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९.
अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, आर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०.
मया १००, मयातैन २००, अलफ १०००.

‘सलास सबैन अलफ’ म्हणजे ३ + ७० + १००० = १०७३. त्यात ५९९ मिळवा: १६७२. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या नोंदीला ६०० मिळवायचे. ‘अलफ’ दिसलं की लोक हिजरी समजून हिशोब करतात आणि कागद दहा-अकरा वर्षं मागे जातो. शुहूर सौर आहे, तो हिजरीसारखा सरकत नाही. महिने मात्र मुसलमानी चांद्र, म्हणजे ‘छ ५ रबिलावल’ वगैरे. ‘छ’ म्हणजे चंद्र. नेमकी इंग्रजी तारीख हवी असेल तर जंत्री (तारखा जुळवण्याचं पुस्तक) उघडावीच लागते, तोंडी हिशोब चालत नाही. शकाला ७८ (जानेवारी ते फाल्गुन ७९), दख्खनच्या फसलीला (महसुली सनाला) ५९० किंवा ५९१.

जमिनीचं माप बिघा-चावरात येईल. २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर. याचे थेट एकर करू नका. काठी किती हात-मुठींची हे मुलखागणिक बदलायचं.

वेशीबाहेर

कागद नसलेल्या गावातही दगड असतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. सर्वांत खाली लढाई किंवा गाईगुरं वळवून नेणाऱ्यांशी झालेली झुंज, आडवा पडलेला वीर. मधे अप्सरा त्याला वर नेताना. वर तो शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. खालच्या पट्टीत गुरं कोरलेली असतील तर गाव गोधनावर जगत होतं आणि धाडी पडत होत्या, एवढं खात्रीने म्हणता येतं. ‘हा अमक्या सरदाराचा दगड’ हे मात्र लेख कोरलेला नसेल तर म्हणता येत नाही. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. गधेगाळ (गाढव कोरलेला दगड) दिसला तर लगेच नोंद करा, विशेषतः कोकणात. जमीन दान दिली आणि ती मोडणाऱ्याला शिवी कोरली, असा तो करार आहे. फेरफाराचा पूर्वजच म्हणा.

नुकसान होतं ते जीर्णोद्धारात. वीरगळ पायरीला वापरतात, सिमेंटात अर्धा गाडतात, शेंदराची पुटं चढवतात. तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने घासू नका, अक्षरं दगडासकट निघतात. खडू भरून फोटो काढण्याची खोडही वाईट. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन येतं तेव्हा, किंवा रात्री बाजूने विजेरी धरून फोटो घेतला तर बुजलेला लेखही उठून दिसतो. शेजारी फूटपट्टी ठेवा आणि दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहा. दगड हलवण्याआधी हे झालंच पाहिजे.

बारा_बलुते_अठरा_आलुते

एवढं सगळं कशाला? मुळात गाव स्वयंपूर्ण होतं. बलुतेदार काम करायचे, सुगीला खळ्यावर पेंढ्या न्यायचे, कोणी उपाशी राहत नव्हतं. इंग्रज आले आणि गावगाडा मोडला. इतिहास एवढाच आहे.

हाडोळा

@बारा_बलुते, मीठ गावात पिकत होतं का? लोखंड? आठवड्याचा बाजार मग कशासाठी भरायचा?

बलुत्याच्याही ओळी होत्या, थोरली, मधली, धाकटी, आणि ओळीप्रमाणे पेंढ्या कमी होत जायच्या. कोण कुठल्या ओळीत, हे गावागावात वेगळं. म्हणून ‘बारा बलुतेदार’ ही यादी पुस्तकातून उतरवू नका, तुमच्या गावच्या कागदातली घ्या. काही ठिकाणी कोळी आहे, काही ठिकाणी सोनार, काही ठिकाणी मुलाणी.

महार वतनाचं तर बोलूच नका. बदल्यात थोडी जमीन आणि बलुतं, आणि काम चोवीस तास. सांगावा पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणं, शिवेच्या वादात साक्ष देणं. एकाने नाही म्हटलं तर वतन धोक्यात, त्यामुळे अख्खं कुटुंब बांधलेलं. १८७४ च्या वतन कायद्याने हे पक्कं केलं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठी. प्रत्यक्षात ही वतनं गेली १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने. नजराणा भरून जमीन पुन्हा मिळाली, पण ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, म्हणून वर्ग २. तरीही हाडकी-हाडोळ्याच्या कितीतरी जमिनी आज दुसऱ्यांच्या वहिवाटीत आहेत. ते कसं झालं, हे फेरफारात वाचा आणि मग ‘कोणी उपाशी राहत नव्हतं’ हे वाक्य स्मरणिकेत घालायचं का ते ठरवा.

एक तांत्रिक सूचना. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची आहेत. लिहिताना आजचं नाव वापरा. जुनं नाव फक्त कागदाच्या अवतरणात, जसंच्या तसं येऊ द्या. अवतरणातही बदललंत तर पुढच्या शोधणाऱ्याला कागद सापडणार नाही.

मुंतखब

मराठवाड्यातलं थोडक्यात. पहिला प्रश्न: गाव दिवाणी (थेट निजाम सरकारचं) होतं, जहागिरीत होतं की सर्फ-ए-खासमध्ये (निजामाच्या खासगी मालकीत)? जहागिरीतल्या गावाचे जुने कागद सरकारी दप्तरात नसणं हे नेहमीचंच, ते जहागिरदाराकडे होते. जहागिरी गेल्या त्या कायद्याच्या नावातच फसली १३५८ आहे, म्हणजे १९४८-४९.

इनामाचा निवाडा मुंतखबमध्ये सापडतो. भाषा फारसी-उर्दू. जमिनीसाठी १९५४-५५ चं खासरा पत्रक (शेतवार नोंद) आणि त्यानंतरचं पाहणी पत्रक. तिकडे पाटीलकी दोन होत्या, माली (महसुलाचा) पाटील आणि पोलीस पाटील, शिवाय पटवारी. एकाच आडनावाच्या दोन घरांत ‘खरे पाटील कोण’ हा वाद असेल तर बहुधा दोन्ही खरे असतात.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात उर्दू-मोडी कागद बाहेर काढून स्कॅन केले गेले. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि शाळांची जनरल रजिस्टरं त्यात आहेत. इतिहास लिहिणाऱ्याला हा आयता खजिना आहे. मात्र त्यातली जिवंत माणसांची जात-जन्मतारीख छापायची नाही. आकडे घ्या, नावं नकोत.

निस्तार

पूर्व विदर्भात मालगुजारी (गावची वसुली मालगुजाराकडे) होती, १९५१ मध्ये गेली. वऱ्हाड वेगळं, तिथे रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. दोन्हींची भेसळ करू नका.

नागपूर, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) या बाजूला वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक मागा. गावाने जंगलातून सरपण किती आणायचं, गुरं कुठे चारायची, तलावाचं पाणी कोणाला आधी, रस्ते कुठून, या रूढी सरकारनेच लिहून ठेवल्यात. गावाच्या संस्कृतीचा याहून चांगला कागद महाराष्ट्रात दुसरीकडे नाही, असं माझं मत. आणि हा कागद आजही काम करतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दाव्याला तो पुरावा चालतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, नंतर ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच.

पहिला_विडा

आता मानपान. धागाकर्त्याने विचारलंय त्याचं सरळ उत्तर: हो, सापडतं. पण कागदात जे सापडतं ते आज लागू असतंच असं नाही, आणि इथेच डोकी फुटतात.

पोळ्याला वेशीतलं तोरण कोणाच्या बैलाने तोडायचं, होळीला पहिली पोळी कोणाची, दसऱ्याला आपटा आधी कोणी पुजायचा, टिळा-विडा कोणाला. हे सगळे वतनाबरोबरचे हक्क होते. जुन्या वतनपत्रांत जमीन आणि मान शेजारी-शेजारी लिहिलेले असतात. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून संपली. जमीन, वसुली, अधिकार गेले. विडा तेवढा राहिला. आजचा पोलीस पाटील १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखाली नेमला जातो, प्रांताधिकारी नेमतात, परीक्षा असते. त्याचा जुन्या वतनाशी काही संबंध नाही. तरी नेमणूक झाली की ‘मग तोरण आता आमचं’ असा दावा होतो, आणि दुसरी भावकी उठते.

सगळे मान वंशपरंपरेने नसतात, हेही लिहा. वाईजवळच्या बावधनच्या बगाडात (नवस फेडणाऱ्याला उंच लाकडाला टांगून मिरवतात) बगाड्या, म्हणजे टांगला जाणारा, कोण, हे होळी पौर्णिमेला भैरवनाथाला कौल लावून ठरतं आणि बगाड रंगपंचमीला निघतं. घराणं नाही, नवस आणि कौल.

देवस्थान नोंदलेलं असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा काढा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी होताना विश्वस्त नेमण्याची पद्धत आणि मालमत्ता त्यात लिहावी लागली. बरेच वाद तो कागद समोर ठेवला की निवळतात, काही पेटतात. नोंदणी नसलेली नुसती यात्रा कमिटी असेल तर वर्गणीच्या वह्या शोधा. चुलीमागे किती, कोणत्या आळीची किती. आणि कोणाची वर्गणी कोणत्या सालापर्यंत घेतलीच जात नव्हती, ते कोऱ्या जागेवरून कळतं.

देऊळ आणि सरपंचपद किती जवळ आहेत बघा. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव झाला होता. उमराण्याची बोली मंदिरासाठी होती. ‘बिनविरोध’ ही परंपरा म्हणून लिहिताना ती कशी झाली तेही विचारा.

दप्तर_कारकून

ग्रामपंचायतीचे कागद राहिले. कायदा १९५८ चा, आणि जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून. तुमची पंचायत त्याआधीची असेल तर स्थापनेचं वर्ष पहिल्या इतिवृत्ताच्या वहीत शोधा, दारावरच्या पाटीवर विश्वास ठेवू नका.

हवं ते: मासिक सभा आणि ग्रामसभेची इतिवृत्तं, नमुना ८ (घरांची कर आकारणी), नमुना ९ (मागणी). नमुना ८ च्या जुन्या वह्या एकामागे एक लावल्या की कोणत्या आळीत माळवद जाऊन पत्रा कधी आला, पत्रा जाऊन स्लॅब कधी आला, ते दिसतं. इतिवृत्तात हजेरीच्या सह्या मोजा. ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो कमी तो. तहकूब सभेला कोरम लागत नाही, आणि बहुतेक मोठे ठराव तहकूब सभेतच झालेले दिसतील. महिला सदस्यांच्या सह्या कधी सुरू होतात ते पाहा. एक तृतीयांश आरक्षण ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर आलं, निम्मं २०११ मध्ये. सही आहे पण चर्चेत तिचं नाव एकदाही नाही, अशीही पानं भेटतील.

सरपंचांच्या यादीत निवडीची पद्धत लिहा. २०१७ पासून थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०२२ पासून परत थेट. हे न लिहिता यादी दिली तर ‘सदस्य एका गटाचे, सरपंच दुसऱ्या गटाचा’ हा प्रकार वाचणाऱ्याला उमगणारच नाही.

दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये, उत्तर ३० दिवसांत. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘गावाचा सर्व इतिहास द्यावा’ असं लिहिलंत तर अर्ज परत येईल. ‘सन १९६२ ते १९७५ ची ग्रामसभा इतिवृत्ते पाहण्यासाठी उपलब्ध करावीत’ असं लिहा. आधी पाहणी, मग हव्या त्या पानांची नक्कल.

सोसायटी विसरू नका. विविध कार्यकारी सोसायटीची सभासद यादी आणि कर्जखाती हे गावचं खरं राजकारण; ग्रामपंचायत त्याची पडछाया. १९७२ च्या दुष्काळातल्या पाझर तलावांची संपादनंही काढा. कोणाची जमीन बुडली आणि पाणी कोणाच्या विहिरीला लागलं, हे दोन नकाशे क्वचितच एकमेकांवर बसतात.

काळीपांढरी

सगळ्यांचे आभार. एक शंका उरली. दोन घराण्यांकडे एकाच मानाचे दोन वेगवेगळे कागद निघाले तर काय छापायचं?

शिरोरेघ

दोन्ही. तारीख, कागदाचा प्रकार, कुठे ठेवलाय, एवढं प्रत्येकाखाली लिहा आणि स्वतःचा निवाडा देऊ नका. आधी दोन्ही कागदांची सालं काढा. पन्नास वर्षांचं अंतर असेल तर बहुतेक वेळा मधे मान विकला, गहाण टाकला किंवा वाटून घेतलेला असतो. वतन विकत होते, अर्धी पाटीलकीसुद्धा. तो मधला तिसरा कागद शोधा.

हाडोळा

आणि छापण्याआधी मसुदा ग्रामसभेत वाचा, चावडीवर आठवडाभर लावून ठेवा. हरकती लेखी घ्या. तोंडी हरकत घेणारे लिहायला सांगितलं की निम्मे होतात.